गोळीदान

मराठी मध्यमवर्गीय माणूस उदार नाही, असा एक समज आहे. तो अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आपण छत्री उसनी देत नाही. दिलीच तर पाऊस थांबायच्या आत परत मागतो. पुस्तक देत नाही, कारण आपल्या कपाटातली निम्मी पुस्तकं कशी आली हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. शिडी मागायला कुणी आला तर "न्या की, फक्त तिसरी पायरी जरा ढिली आहे हं" असं सांगतो, म्हणजे तो आपणहूनच राहू द्या म्हणतो. पण याच माणसासमोर कमरेवर हात ठेवून एकदा "आई गं" म्हणून बघा. तो खिशात हात घालील, पाकीट काढील, पाकिटाच्या ज्या कप्प्यात बायकोचा फोटो असावा अशी अपेक्षा असते त्या कप्प्यातून एक चुरगळलेली चंदेरी पट्टी बाहेर काढील, आणि तिच्यातली शेवटची गोळी तुमच्या तळहातावर ठेवून म्हणेल, "घ्या. अगदी डोळे मिटून घ्या. अर्ध्या तासात धावायला लागाल."

अन्नदान, विद्यादान, रक्तदान, नेत्रदान यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. गोळीदानाबद्दल मात्र कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक याच्याइतकं सोपं दान नाही. पदरचं फारसं जात नाही, पावती फाडावी लागत नाही, घेणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच कृतज्ञता दिसते, आणि त्यानंतर जन्मभर भेटेल तिथे "काय, कसा आहे गुडघा?" असं विचारायचा हक्क आपल्याला मिळतो. लग्नाच्या हॉलमध्ये, रात्रीच्या एस.टी.त, रेल्वेच्या तीन टायरमध्ये, कुठेही पाहा; कुणाचं दुखतं आहे असं कळायचा अवकाश, की चार दाते चार दिशांनी पुढे सरसावतात.

मी बोलतो आहे ते आलं-गवती चहाबद्दल नव्हे, किंवा खडीसाखरेबद्दलही नव्हे. दुखणं आणि सूज या दोघांवर एकदम चाल करणारी जी वजनदार गोळ्यांची जात आहे, तिच्याबद्दल. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब. नावं वाचताना एखाद्या परदेशी फुटबॉल संघाची यादी वाचतो आहोत असं वाटतं. पट्टीच्या पाठीमागे मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं, की हे 'शेड्यूल एच'मधलं औषध असून नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. आमच्या सोसायटीतले एक वकील (दिवाणी) मला म्हणाले, "विकू नये असं लिहिलंय. देऊ नये असं कुठे लिहिलंय?" कायद्याच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं कितपत टिकेल कोण जाणे, पण आपली सगळी समाजव्यवस्था त्याच आधारावर उभी आहे.

माझी कंबर धरली तेव्हा मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं दोन मिनिटांचं काम. पण मुलीकडच्यांनी स्थळाची चौकशी करावी तशी त्यांनी माझी चौकशी सुरू केली. पोटात कधी अल्सर झाला होता? शौचाला कधी डांबरासारखी काळी झाली होती? दमा? हृदयाचं काही? बीपीची गोळी घेता? कुठली? लघवी होण्याची? रक्त पातळ होण्याची? मूत्रपिंडाची तपासणी केव्हा केली होती? दुखण्यावरचं आणखी काही चालू आहे? काढा, पुड्या? ताप आहे का? माझी तक्रार कमरेची, आणि कमरेबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही उठता उठता. तापाचं कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "पावसाळा आहे. अंग मोडून येतं म्हणून लोक ही गोळी घेतात, आणि ताप निघतो डेंग्यूचा. त्यात ही घेतली की रक्तस्रावाला आमंत्रण. तापात पॅरासिटॅमॉलशिवाय दुसरं काही नको." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली : पाच दिवस, दोन वेळा, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. गोळी चावायची नाही, कुटायची नाही, वरचं आवरण तिला आतड्यापर्यंत पोचवण्यासाठी असतं. "आणि आधी बरं वाटलं तर आधी बंद. ही संपवायची गोळी नव्हे."

मी अडीच दिवसांत बरा झालो आणि गोळ्या बंद केल्या. दहातल्या पाच उरल्या. गोळीदानाचा उगम नेमका इथे आहे. आज्ञाधारक रुग्णाकडेच गोळ्या उरतात, आणि मध्यमवर्गीय घरात उरलेली कुठलीही गोष्ट टाकली जात नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, जुन्या धोतराचं फडकं होतं, उरलेल्या गोळीचं पुण्य होतं.

आता डॉक्टरांनी कंबर सोडून सगळ्या शरीराचा पंचनामा का केला, याचं उत्तर मला पुढे मिळालं, आणि ते फार गमतीचं आहे. ॲस्पिरिन बाजारात आली १८९९ साली. त्यानंतर सत्तरएक वर्षं जगभर लोक ती गिळत होते, आणि ती पोटात जाऊन नेमकं काय करते हे कुणालाही सांगता येत नव्हतं. (लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्यांचंही एकमेकांबद्दल असंच असतं.) १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं, की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं, दुखणं-सूज ही त्यांची करणी, आणि ही गोळी ती द्रव्यं तयारच होऊ देत नाही. १९८२ साली त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे गोळी दुखणं बरं करीत नाही; दुखतं आहे असं ओरडून सांगणाऱ्याचा गळा धरते.

आमच्या सोसायटीत एक रखवालदार होता. रात्रभर काठी आपटायचा आणि दर तासाला शिट्टी वाजवायचा. वार्षिक सभेत त्याच्याविरुद्ध ठराव आला, आवाजी मतदानाने मंजूर झाला, आणि रखवालदार गेला. दोन रात्री सगळी इमारत तान्ह्या बाळासारखी झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नाही. तेव्हा कळलं, की पहाटे चारला पंप चालू करायचा तो तोच. मागचं फाटक लावायचा तोही तोच. ठरावात फक्त शिट्टीचा उल्लेख होता.

प्रोस्टाग्लँडिनचं नेमकं असंच आहे. गुडघ्यात ती शिट्टी वाजवतात हे खरं, पण जठराच्या आतल्या अस्तराची निगा तीच राखतात, आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आटायला लागला की नळ मोकळा ठेवण्याचं कामही तीच करतात. गोळीला फक्त गुडघ्यातला रखवालदार काढता येत नाही, ती सगळ्यांनाच घरी पाठवते. ज्याची टाकी भरलेली आहे त्याला चार दिवस काही जाणवत नाही. पण वय झालेलं, पाणी कमी प्यायलेलं, हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कुरकुरतं आहे, अशा माणसाची टाकी तळाशी असते. डॉक्टर विचारीत होते ते टाकीत पाणी किती आहे, एवढंच.

शेजारी ते विचारीत नाही. डॉक्टर पैसे घेऊन वीस प्रश्न विचारतो, शेजारी फुकट गोळी देतो आणि वर प्रश्न नाही. लोकप्रियता कुणाला मिळणार हे उघड आहे.

तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. गणिताचे. त्यांचे दोन्ही गुडघे वर्षभर कुरकुरत होते आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसले की त्या गुडघ्यांचं जाहीर वाचन होई. बँकेतल्या काकांनी त्यांना एक गोळी सांगितली. पोस्टातल्या काकांनी दुसरी आणून दिली, म्हणाले ही त्याहून जालीम. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तिसरी दिली, कारण ती त्यांच्या भावाला लागू पडली होती. पट्ट्यांचे रंग निराळे, नावं निराळी, कंपन्या निराळ्या. मास्तर सकाळी बँक, दुपारी पोस्ट आणि रात्री वहिनी अशा घेऊ लागले. शिवाय हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज चालूच होती. आता यातली पहिली म्हणजे डायक्लोफेनॅक, दुसरी म्हणजे डायक्लोफेनॅकच, पॅरासिटॅमॉलचा हात धरून आलेलं, आणि तिसरी असिक्लोफेनॅक, म्हणजे त्याची सख्खी बहीण. चौथी ॲस्पिरिन, रक्त गोठू न देणारी. एकाच घरातली चार माणसं चार आडनावं लावून आली आणि मास्तरांनी चौघांनाही जेवायला वाढलं.

दोनेक महिने गुडघे गप्प होते. एके सकाळी शौच काळी झाली. मास्तरांनी ती आदल्या दिवशीच्या कारळ्याच्या चटणीच्या नावावर टाकली. दुसऱ्या दिवशीही काळी. चटणी दोन्ही वेळा खाल्ली होती. तिसऱ्या दिवशी दूध आणायला गेले ते केंद्राच्या पायरीवरच कोसळले. जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. तीन बाटल्या रक्त भरावं लागलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते याचं, की एवढं होईपर्यंत पोट दुखलं कसं नाही? पण दुखेल कुठून? ओरडून सांगणाऱ्यांना दिवसातून तीन वेळा रजेवर पाठवलं होतं.

तीनही दाते मोसंबी घेऊन इस्पितळात गेले. मीही होतो. वातावरण मोठं अवघड होतं. बँकेतले काका म्हणाले, "मी आपली एकच सांगितली होती." पोस्टातले काका म्हणाले, "मीही एकच." वहिनी म्हणाल्या, "मी तर बरोबर पित्ताची गोळी घ्या म्हणून सांगितलं होतं." (ती त्यांनी खरोखरच सांगितली होती, आणि मास्तरांनी नेमकी तीच घेतली नव्हती.) मास्तर उशीला टेकून बसले होते. चेहरा खडूसारखा पांढरा. पण पस्तीस वर्षांची सवय कुठे जाते? म्हणाले, "तुमचं प्रत्येकाचं बरोबर आहे. प्रत्येकाने एकेकच दिली. बेरीज माझ्या पोटात झाली."

मास्तर बरे झाले. पण त्या बेरजेने माझी झोप गेली. तिघांपैकी एकाच्याही मनात पाप नव्हतं, प्रेमच होतं. त्या प्रेमातून जे घडलं ते शत्रूला जमलं नसतं. मग दोष कुणाचा? वकिलांना विचारलं तर ते म्हणाले हेतू नाही तर गुन्हा नाही. ते न्यायालयापुरतं ठीक आहे. पण चांगल्या हेतूने दिलं एवढ्यावर दान चांगलं ठरतं का? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि सात्त्विक दानाला अट घातली आहे ती देश, काल आणि पात्र पाहण्याची. पात्र म्हणजे योग्यता असं आपण समजतो. मला वाटतं गोळीच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ भांडं असा घ्यावा. ज्यात ओतायचं ते भांडं गळकं आहे का, आधीच त्यात काही आहे का. "डोळे मिटून घ्या" असं आपण म्हणतो तेव्हा आपलेही मिटलेलेच असतात.

आता याच्या उलट बाजूने बोलणंही भाग आहे. चौकशी करून दया करणारा माणूस मला मुळात आवडत नाही. रात्री दोन वाजता शेजारी तळमळतो आहे आणि आपण दारात उभे राहून त्याला क्रिएटिनिन किती आहे असं विचारतो आहोत, हे दृश्य रेशनिंग ऑफिसात शोभेल. भिकाऱ्याला दहा पैसे देण्याआधी त्याच्या दारूच्या सवयीची चौकशी करणारे लोक आपण पाहिलेले आहेत. त्यांची चौकशी संपेपर्यंत भिकारी पुढच्या घरी गेलेला असतो, आणि मला वाटतं चौकशीचा हेतूही तोच असतो.

पण या प्रश्नाचा सर्वांत मोठा खटला आपल्याच देशात होऊन गेला, आणि त्यात मेलेला पक्ष माणूस नव्हता. १९९०च्या दशकात हेच डायक्लोफेनॅक गुरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. म्हातारा बैल लंगडतो आहे, गाईची कास सुजली आहे, शेतकऱ्याला बघवत नाही. तो ढोरांच्या डॉक्टरला बोलावून इंजेक्शन देववतो. बैल शेवटचे चार दिवस सुखाने रवंथ करतो आणि मरतो. याहून निर्मळ दया कुठे सापडणार? ज्याच्याकडून आता काही मिळायचं नाही अशा मुक्या जनावरावर केलेली. मग त्याला गावाबाहेर टाकतात. आभाळातून गिधाडं उतरतात, पन्नास-साठ एका पंगतीला. औषध बैलाच्या मांसात उरलेलं असतं. ते गिधाडाला एवढंसं पुरतं. त्याचं मूत्रपिंड बंद पडतं, आतड्याकाळजावर युरिक ॲसिडचे पांढरे खडे साचतात, आणि ते झाडावर मान खाली घालून बसतं ते खालीच पडतं. शंभरातलं एखादं जनावर असं असलं तरी पंगती उठायला पुरे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारात एक उरलं. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशांच्या दोखम्यांवर गिधाडं यायची बंद झाली आणि एका समाजाची शतकांची अंत्यविधीची रीत अडून बसली. गावोगाव मेलेली ढोरं कुजू लागली आणि कुत्री वाढली.

बरीच वर्षं कुणाला कारण सापडेना. साथ असेल म्हणत होते. २००४ साली ते सापडलं, २००६ साली सरकारने गुरांसाठी हे औषध बनवायला बंदी केली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या आणून ढोरांना टोचू लागले, म्हणून २०१५ साली माणसांची बाटलीही एका वेळेपुरती, तीन मिलिलिटरची झाली. २०२३ साली गुरांसाठीचं असिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनही गेलं. पण मला यातली सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच. त्याच घराण्यातलं मेलॉक्सिकॅम नावाचं औषध गिधाडांना सोसतं, असं आढळलं. म्हणजे बैलाला तळमळत ठेवावं लागलं नाही. दया बंद करावी लागली नाही. फक्त औषधाचं नाव विचारून करावी लागली.

हे सगळं ज्ञान मला होतं, आणि तरीही आत्याने माझी दांडी उडवली.

आमची थोरली आत्या एकोणऐंशी वर्षांची. आमच्याकडेच असते. धाकटी आत्या दिली आहे म्हसळ्याकडच्या एका खेड्यात. ती अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला आणि थोरलीने जायचं काढलं. धाकटीचं घर पाखाडीच्या वर. ब्याण्णव पायऱ्या. धाकटीच्या लग्नात थोरलीने त्या मोजल्या होत्या, आणि संख्या कमी झाल्याचं कुणी कळवलेलं नव्हतं. थोरलीच्या गुडघ्यांची अवस्था अशी, की देवघरातून उठताना ती देवाचं नाव घेते ते भक्तीने नव्हे.

"तुझ्या त्या पाच उरल्यात ना," ती मला म्हणाली, "त्यातल्या चार मला दे. जाण्याच्या दोन, येण्याच्या दोन."

मी तिला समजावून सांगितलं. तिला बीपीची गोळी आहे, लघवीची गोळी आहे, मूत्रपिंडाचा आकडा गेल्या खेपेला चढलेला आहे. रखवालदाराचा दृष्टान्तही दिला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"झालं?" ती म्हणाली. "आता मी सांगते ते ऐक. एकोणऐंशी वर्षांची आहे मी. मूत्रपिंडाचं काय लोणचं घालायचंय मला? आणि मी गोळी मागते आहे ती गुडघ्यासाठी नाही. तिच्यासाठी. ती काही माझी वाट बघत थांबायची नाही. तुला दुखत नाही ना, म्हणून हे सगळं सुचतं."

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. गुडघे तिचे, बहीण तिची, उरलेली वर्षं तिची. माझ्या मालकीच्या होत्या त्या फक्त पाच गोळ्या. दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल शहाणपण सांगणं हा जगातला सर्वांत बिनखर्चाचा उद्योग आहे, आणि मी तो करीत होतो. गोळ्या दिल्या असत्या तर चार दिवस मी तिचा लाडका भाचा ठरलो असतो. पाचव्या दिवशीचं कुणी सांगावं? मी गोळ्या दिल्या नाहीत. दिल्या नाहीत म्हणून बरं वाटलं असंही नाही. रात्री तिच्या खोलीतून पाय चोळल्याचा आवाज येत होता तो मी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं ते तिला रागावतील आणि वाईटपणा परस्पर त्यांच्याकडे जाईल. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "जायचंय कुठे? पायऱ्या किती?" मग खुर्ची पुढे ओढून तिला सरळ सांगितलं : तुमच्या बीपीच्या आणि लघवीच्या गोळीबरोबर ही तिसरी गेली, की तिघी मिळून मूत्रपिंड चार दिवसांतही बंद पाडू शकतात. प्रवासाचा घाम, गाडीतली एखादी उलटी, एवढं निमित्त पुरे. बरोबर पित्ताची घेईन, असं आत्या म्हणाली. "ती पोटाची राखण करते. मूत्रपिंडाकडे तिची ड्यूटी नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तिथे काही झालं तर जवळ काय आहे?"

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे मी जायची तिला भेटायला, आणि तिनेच बसायचं माझ्या उशाशी. नको. ते नको." मी दोन दिवस जे पटवत होतो ते तिला एका वाक्यात पटलं, कारण ते वाक्य तिचं होतं.

डॉक्टरांनी मोजून पॅरासिटॅमॉल दिलं, गुडघ्याला लावायला मलम दिलं, तेही बेताने म्हणून बजावलं, आणि विचारलं, "पायऱ्या तुम्हीच चढायला हव्यात असं कुणी सांगितलं? गावात चार पोरं नाहीत?" चार नव्हती. गावातली पोरं मुंबईला असतात. दोन मिळाली, एक रिक्षावाला आणि एक ग्रामपंचायतीचा शिपाई. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. त्या खुर्चीत आत्या अशी काही बसली, की खालच्या आळीतल्या दोघी-तिघींनी नकळत हात जोडले. वर जाईपर्यंत तिने दोघांना पायऱ्यांची मोजणी ऐकवली. ब्याण्णवच निघाल्या.

मला वाटलं होतं दोघी रडतील. पहिली दहा मिनिटं त्या एकमेकींच्या औषधांबद्दल बोलल्या. मग धाकटी आत्या थोरलीच्या गुडघ्यावरून हात फिरवीत राहिली, आणि थोड्या वेळाने तिने उशीखाली चाचपून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढली. आत एक लाल गोळी.

"ही घे गो," ती म्हणाली. "शेजारणीने दिलीन. माझ्यापाशी एकच उरलीय. फार गुण येतो."

"नाव काय हिचं?" मी मध्येच बोललो.

"नाव कशाला हवंय?"

थोरलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी अंगणात जाऊन उभा राहिलो. पुडी तिने पदराच्या टोकाला बांधली. रात्री अंथरुणं घातल्यावर मी तिला हळूच विचारलं, "आत्या, ती गोळी घेतलीस?"

"घेतली म्हणजे? तिच्या हातून घेतली ना. तुझ्यासमोरच तर घेतली."

धाकटी आत्या मार्गशीर्षात गेली. माझ्या पाच गोळ्या बायकोने पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकल्या. आत्याची लाल गोळी अजून तिच्या पोथ्यांच्या पिशवीत आहे, त्याच कागदात, तशीच दुमडलेली. परवा पिशवी उचलून ठेवताना ती खाली पडली, तेव्हा मी म्हटलं, "आत्या, हिची मुदत केव्हाच संपली असेल."

"असू दे," ती म्हणाली. "मला खायची आहे कुठे?"